मोह, विचार आणि प्रमाण : चौथ्या शतकातील इजिप्तच्या ख्रिस्ती तपस्व्यांची साधना

बीजसंज्ञा : मोह, वाळवंटी तपस्वी, इव्हॅग्रियस, आठ विचार, विवेक, सात पापे

प्रस्तावना :

ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात मोहाचा प्रश्न अगदी आरंभापासून आढळतो. येशूने आपल्या कार्यास प्रारंभ करण्यापूर्वी अरण्यात चाळीस दिवस उपवास केला आणि तेथे सैतानाने त्याची परीक्षा घेतली, असा वृत्तान्त मत्तय (४:१-११) व लूक (४:१-१३) यांच्या शुभवर्तमानांत आहे. याकोबाच्या पत्रात (१:१३-१५) मोहाचे मूळ देवाकडे नसून मनुष्याच्या स्वतःच्या वासनेत आहे, असे प्रतिपादन केले आहे. मूळ ग्रीकमधील ‘पेइरास्मॉस’ या एकाच शब्दात कसोटी आणि भुरळ असे दोन्ही अर्थ सामावलेले आहेत. त्यामुळेच मराठी बायबलच्या वाचकास ‘परीक्षा’ आणि ‘मोह’ हे दोन्ही शब्द परिचित आहेत.

मोहास बळी पडू नये, हे सर्वच धर्मोपदेशक सांगतात. परंतु मोह प्रत्यक्ष समोर उभा ठाकला असता मनुष्याने नेमके काय करावे, या प्रश्नाचे सविस्तर व व्यवहार्य उत्तर शोधण्याचा प्रयत्न ख्रिस्ती परंपरेत चौथ्या शतकातील इजिप्तच्या वाळवंटात झाला. या तपस्व्यांविषयी सर्वसाधारण समज असा आहे की, ते देहाचे शत्रू होते आणि उपवास, जागरण व देहदंड यांच्या बळावर वासना चिरडून टाकणे हीच त्यांची साधना होती. हा समज निराधार नाही. पण तो अपुरा आहे. या साधनेचा गाभा देहदंडात नसून मनात येणाऱ्या विचाराचे निरीक्षण, नियमित दिनक्रम, अनुभवी व्यक्तीपुढे केलेले निवेदन आणि प्रत्येक गोष्टीतील प्रमाण यांत होता, हे प्रस्तुत लेखात दाखविण्याचा प्रयत्न केला आहे. तसेच विचारांची ही परीक्षा पुढे ‘सात पापां’च्या यादीत कशी रूपांतरित झाली आणि या स्थित्यंतरात काय साधले व काय मागे पडले, याचाही विचार केला आहे.

साधने व त्यांच्या मर्यादा :

या विषयाची प्रमुख साधने चार प्रकारची आहेत. पहिले, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने लिहिलेले संत अँथनीचे चरित्र. दुसरे, पॅलेडियसने इ.स. ४२० च्या सुमारास लिहिलेला ‘लॉसियाक इतिहास’; पॅलेडियस स्वतः या वाळवंटात राहिला होता व तो इव्हॅग्रियसचा शिष्य होता. तिसरे, ‘वडीलधाऱ्यांची वचने’ या नावाने ओळखला जाणारा संग्रह. चौथे, इव्हॅग्रियस व जॉन कॅसियन यांचे स्वतःचे ग्रंथ.

या साधनांचा उपयोग करताना सावधगिरी आवश्यक ठरते. अथनेशियसचे चरित्र आदर्श उभा करण्यासाठी लिहिलेले आहे. वचनांचा संग्रह मौखिक परंपरेतून घडला व तो पाचव्या-सहाव्या शतकांत लेखनिविष्ट झाला. त्यामुळे त्यातील प्रत्येक प्रसंग जसाच्या तसा घडला असे मानता येत नाही. मात्र ही माणसे कशाला महत्त्व देत होती, हे त्यांतून निश्चित कळते. या लिखित साधनांना पुरातत्त्वाची जोडही मिळाली आहे. अलेक्झांड्रियाच्या आग्नेयेस असलेल्या ‘केलिया’ (अर्थ : कुट्या) या वसाहतीचे स्थान फ्रेंच संशोधक आंत्वान गियोमाँ यांनी १९६४ मध्ये निश्चित केले. त्यानंतर फ्रेंच व स्विस पथकांनी केलेल्या उत्खननांतून तेथील कुट्यांची रचना उजेडात आली.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

इ.स. ३१३ मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्मास राजमान्यता मिळाली आणि छळाचे युग संपले. तोपर्यंत श्रद्धेची अंतिम कसोटी हौतात्म्य ही होती. छळ थांबल्यावर कसोटीचे क्षेत्र न्यायासनासमोरून मनाच्या आत सरकले. तपस्व्यांची चळवळ केवळ या बदलामुळे उद्भवली असे मात्र म्हणता येत नाही, कारण अँथनीने (सुमारे इ.स. २५१-३५६) तत्पूर्वीच गृहत्याग केला होता. त्याच्याकडे सुपीक जमिनीचे तीनशे ‘अरौरा’, म्हणजे सुमारे दोनशे एकर शेत होते. सर्वस्व विकून गरिबांना देण्याविषयीचे येशूचे वचन (मत्तय १९:२१) त्याने चर्चमध्ये ऐकले व ते शब्दशः आचरणात आणले. पुढे एका ओसाड किल्ल्यात त्याने सुमारे वीस वर्षे एकांतवास केला.

अँथनीच्या उदाहरणानंतर दोन प्रकारच्या जीवनपद्धती आकारास आल्या. दक्षिण इजिप्तमध्ये पॅकोमियसने इ.स. ३२० नंतरच्या काही वर्षांत ताबेनिसी येथे सामुदायिक मठाची स्थापना केली. तेथे भोजन, श्रम व प्रार्थना यांचे समान नियम होते. उत्तरेस, नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिमेकडील वाळवंटात, अमूनने नित्रिया व केलिया आणि मॅकेरियसने स्केटिस (आजचे वादी नत्रून) या वसाहतींचा पाया घातला. येथील तपस्वी आठवड्यातील पाच दिवस आपापल्या कुटीत एकटे राहत आणि शनिवार-रविवारी सामुदायिक उपासना व भोजन यांसाठी एकत्र येत. पूर्ण एकांत आणि पूर्ण समूह यांच्यामधील या व्यवस्थेतच मोहाच्या स्वरूपाविषयीचे सर्वांत सूक्ष्म चिंतन घडले.

या साधनेला ग्रीकमध्ये ‘आस्केसिस’ असे नाव होते. या शब्दाचा मूळ अर्थ मल्लाचा वा खेळाडूचा सराव असा आहे, ही बाब लक्षणीय आहे. सराव शिक्षेसाठी केला जात नाही. तो सामर्थ्य यावे म्हणून रोज थोडा थोडा आणि जाणकाराच्या देखरेखीखाली केला जातो.

इव्हॅग्रियस : पलायनापासून कुटीपर्यंत

या साधनेची सुसूत्र मांडणी करणारा विचारवंत म्हणजे पोंटसचा इव्हॅग्रियस (सुमारे इ.स. ३४५-३९९). तो मूळचा तपस्वी नव्हता. संत बेसिलने त्याला चर्चमधील वाचक नेमले, तर नाझियान्झसच्या ग्रेगरीने त्याला डीकन केले. इ.स. ३८१ मधील कॉन्स्टॅन्टिनोपलच्या परिषदेच्या काळात वादविवादपटू म्हणून त्याची ख्याती झाली. याच वेळी एका उच्चपदस्थ अधिकाऱ्याच्या पत्नीविषयी त्याच्या मनात आसक्ती निर्माण झाली आणि तीही त्याच्यावर अनुरक्त झाली. पॅलेडियसच्या वृत्तान्तानुसार, स्वप्नात शहर सोडण्याची शपथ घेतल्यावर इव्हॅग्रियसने दुसऱ्याच दिवशी जहाज पकडून जेरुसलेम गाठले.

परंतु स्थळ बदलल्याने मन बदलले नाही. जेरुसलेममध्ये तो पुन्हा पूर्वीच्या डौलात राहू लागला, त्याचा निश्चय डळमळला आणि लवकरच तो तापाने अंथरुणास खिळला. सहा महिने वैद्यांना उपाय सापडेना. अखेर तेथील मठाची प्रमुख असलेल्या मेलानिया या रोमन कुलीन स्त्रीने त्याला मनातील गोष्ट विचारली. त्याने सारे सांगितले. संन्यस्त जीवन स्वीकारण्याचे वचन तिने त्याच्याकडून घेतले आणि काही दिवसांतच तो बरा झाला. इ.स. ३८३ च्या सुमारास तो इजिप्तला गेला. दोन वर्षे नित्रियात व नंतर सुमारे चौदा वर्षे केलियात राहून, ग्रंथांच्या नकला करून तो आपला उदरनिर्वाह करीत असे.

या चरित्रातील दोन गोष्टी पुढे त्याच्या शिकवणुकीत सूत्ररूपाने येतात. मोहापासून केलेले पलायन प्रारंभ म्हणून उपयोगी असले तरी पुरेसे नसते, ही पहिली गोष्ट होय. मनातील विचार लपविल्याने तो बळावतो व सांगितल्याने क्षीण होतो, ही दुसरी.

आठ विचार :

साधकाला छळणाऱ्या गोष्टींना इव्हॅग्रियसने ‘पाप’ म्हटले नाही. त्याने ‘लोगिस्मॉय’, म्हणजे ‘विचार’, हा शब्द वापरला. त्याच्या मते असे मूलभूत विचार आठ आहेत : खादाडपणा, कामवासना, द्रव्यलोभ, विषाद, क्रोध, ‘अकेडिया’, कीर्तिलालसा आणि गर्व. हे विचार दुरात्म्यांकडून सुचविले जातात, अशी त्याची श्रद्धा होती. शंभर लहान प्रकरणांच्या ‘प्राक्तिकॉस’ या ग्रंथात त्याने एक निर्णायक भेद केला आहे. हे विचार मनात यावेत की येऊ नयेत हे मनुष्याच्या हाती नाही. परंतु त्यांनी मनात मुक्काम करावा की नाही, विकार जागृत करावेत की नाही, हे मात्र त्याच्या हाती आहे.

या भेदाचे महत्त्व व्यावहारिक आहे. विचार येणे हेच पाप मानले, तर साधकाला प्रत्येक मोह हा आपला पराभव वाटतो आणि लज्जेपोटी तो विचार दडवितो. विचार येणे ही अटळ घटना मानली, तर त्याकडे पाहता येते. इव्हॅग्रियस साधकाला तसेच पाहण्यास सांगतो. कोणता विचार केव्हा येतो, कोणत्या विचारामागून कोणता येतो, त्याचा जोर कधी वाढतो व कधी ओसरतो, याची नोंद मनात ठेवावी, असा त्याचा उपदेश आहे.

या निरीक्षणाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे ‘अकेडिया’चे वर्णन. या ग्रीक शब्दाला नेमका मराठी प्रतिशब्द नाही. कंटाळा, उद्वेग, औदासीन्य आणि स्वीकारलेल्या कार्याविषयीची विरक्ती या साऱ्यांचे ते मिश्रण आहे. इव्हॅग्रियसच्या मते त्याचा हल्ला सकाळी दहाच्या सुमारास सुरू होतो व दुपारी दोनपर्यंत चालतो. सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा झाला आहे, असे साधकाला वाटते. तो वारंवार खिडकीकडे पाहतो, कुटीबाहेर येऊन भोजनाच्या वेळेला किती अवकाश आहे याचा अंदाज घेतो. मग त्याला त्या जागेचा, हातातील कामाचा व त्या जीवनाचाच तिटकारा येतो. बांधवांमध्ये प्रेम उरले नाही, दुसरीकडे गेल्यास पोट भरणे सोपे होईल, देवाची उपासना काय कोठेही करता येते, असे विचार येऊ लागतात. शेवटी दीर्घ वार्धक्याचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. येथील भोजन दिवसातून एकदाच, दुपारी तीनच्या सुमारास होत असे, हे लक्षात घेतले म्हणजे या वर्णनाची अचूकता ध्यानात येते. यात स्थूल अर्थाने पापाचा लवलेश नाही. तरीही हा मोह अन्य मोहांपेक्षा अधिक जड मानला गेला, कारण तो एखाद्या कृतीकडे ओढत नाही. तो साधनेचा त्याग करावयास लावतो.

साधनेची अंगे :

या विचारांना तोंड देण्यासाठी विकसित झालेल्या साधनेची चार अंगे दिसून येतात.

(१) कुटीत स्थिर राहणे : मोहाच्या वेळी जागा सोडू नये, हा पहिला नियम होता. पूर्वायुष्यात दरोडेखोर असलेल्या व नंतर स्केटिसचा श्रेष्ठ तपस्वी ठरलेल्या मोझेसने उपदेश मागावयास आलेल्या एकाला, जाऊन आपल्या कुटीत बसण्यास सांगितले. कुटीच सर्व काही शिकवील, असा त्याचा अभिप्राय होता. ही शिकवण इव्हॅग्रियसच्या जेरुसलेममधील अनुभवाशी जुळणारी आहे.

(२) श्रम आणि प्रार्थना यांचा ताल : दोर वळणे, टोपल्या विणणे, नकला करणे ही कामे उपजीविकेसाठी होती, तशीच मनाला आधार देण्यासाठीही होती. वचनसंग्रहाच्या आरंभीच अँथनीची एक कथा येते. वाळवंटात बसला असता तो उद्वेगाने ग्रासला आणि आपण काय करावे, असे त्याने देवास विचारले. बाहेर येऊन पाहतो तो आपल्यासारखाच कोणी एक जण बसून दोर वळीत आहे, उठून प्रार्थना करीत आहे, पुन्हा बसून दोर वळीत आहे. तो देवदूत होता व अँथनीला त्यातून मार्ग मिळाला. येथे उपाय म्हणून कोणतेही गूढ तत्त्व सांगितलेले नाही. उपाय होता तो दिवसाच्या मांडणीचा.

(३) प्रत्युत्तर : येशूने सैतानाच्या तिन्ही प्रश्नांना ‘अनुवाद’ या ग्रंथातील वचनांनी उत्तर दिले होते. त्याच धर्तीवर इव्हॅग्रियसने ‘अँटिऱ्हेटिकॉस’ हा ग्रंथ रचला. त्याचे आठ भाग असून प्रत्येक विचारासाठी बायबलमधील वचने निवडून दिली आहेत. त्यांची एकूण संख्या सुमारे पाचशे भरते. आलेल्या विचाराशी वाद घालीत न बसता त्याला नेमके व संक्षिप्त उत्तर द्यावे, ही या ग्रंथामागील कल्पना आहे. यासाठी वचने मुखोद्गत असणे आवश्यक होते. म्हणून पाठांतर हे साधनेचे अंग बनले.

(४) विचारांचे निवेदन : साधकाने आपले विचार अनुभवी ‘अब्बा’ (पिता) वा ‘अम्मा’ (माता) यांच्यापुढे उघड करावेत, अशी प्रथा होती. कॅसियनने सेरापियन नावाच्या तपस्व्याच्या बालपणाची गोष्ट सांगितली आहे. वडीलधाऱ्या गुरूबरोबर भोजन झाल्यावर तो रोज एक पाव कपड्यात लपवीत असे व सायंकाळी गुपचूप खात असे. खाण्याच्या आनंदापेक्षा नंतरची टोचणी मोठी होती. तरी सवय सुटेना. एके दिवशी लपविलेल्या विचारांच्या सामर्थ्याविषयी गुरूचे बोलणे चालू असता त्याला रडू कोसळले. त्याने तो पाव बाहेर काढला व सर्व सांगितले. गुरूने त्याला शिक्षा केली नाही. तुझ्या बोलण्यानेच तुझी सुटका झाली, असे सांगितले. हे निवेदन नंतरच्या काळातील पापनिवेदनाहून भिन्न होते. येथे ऐकणारा बहुधा दीक्षित धर्मगुरू नसे आणि घडलेल्या पापाइतकेच, किंबहुना अधिक, न घडलेल्या पण मनात घोळणाऱ्या गोष्टींना महत्त्व असे.

या परंपरेत स्त्रियांनाही मानाचे स्थान होते. अम्मा सारा हिने तेरा वर्षे वासनेशी झुंज दिली. ही झुंज संपावी असे तिने कधी मागितले नाही, केवळ बळ मागितले, अशी आठवण वचनसंग्रहात जतन केली आहे. बुटका योहान या तपस्व्याची कथाही याच अर्थाची आहे. आपले सर्व विकार नाहीसे झाले असे त्याने सांगितले, तेव्हा ती झुंज परत मिळावी अशी प्रार्थना करण्यास त्याला सांगण्यात आले. मोहाचा संपूर्ण अभाव हे प्रगतीचे लक्षण नव्हे, अशी ही दृष्टी होती.

प्रमाणाचा प्रश्न :

येथे एक आक्षेप संभवतो. उपवास, जागरण व कठोर तप यांची शेकडो उदाहरणे साधनांतून आढळत असताना, ही परंपरा देहदंडाची नव्हती असे कसे म्हणता येईल? हा आक्षेप गंभीर आहे आणि इव्हॅग्रियसचे स्वतःचे जीवनच त्याचा पुरावा ठरू शकते. वासना शमविण्यासाठी तो एकदा हिवाळ्यात रात्रभर विहिरीच्या पाण्यात उभा राहिला, असे पॅलेडियस सांगतो. कच्च्या भाज्या, फळे व मांस त्याने वर्ज्य केले होते. अखेरीस त्याच्या पोटाने दगा दिला आणि शेवटची दोन वर्षे त्याला भाकरी सोडून शिजविलेल्या अन्नाचा आश्रय घ्यावा लागला. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी त्याचा मृत्यू झाला.

तथापि याच इव्हॅग्रियसने ‘प्राक्तिकॉस’मध्ये असे बजावले आहे की, भरकटणाऱ्या मनासाठी वाचन, जागरण व प्रार्थना, वासनेसाठी उपवास, श्रम व एकांत आणि क्रोधासाठी स्तोत्रगान, सहनशीलता व दया हे उपाय असले, तरी ते योग्य वेळी व योग्य प्रमाणातच लागू पडतात. अवेळी व अतिरेकाने केलेले उपाय टिकत नाहीत आणि जे टिकत नाही ते हितापेक्षा अहितच करते. ‘आठ विचारां’च्या सिद्धान्तातूनच याचे कारण स्पष्ट होते. खादाडपणा व वासना यांवर कठोर तपाने मात करता येईल. पण त्या विजयातूनच कीर्तिलालसा व गर्व जन्म घेतात. कीर्तिलालसा तर अशी चिवट आहे की, तिच्यावर मात करण्यासाठी केलेली कृतीच तिला नवे खाद्य पुरविते. म्हणजे एका मोहावरील उपाय दुसऱ्या मोहाचे कारण होऊ शकतो. हे ओळखण्याच्या क्षमतेला ‘डियाक्रिसिस’, अर्थात विवेक, असे म्हटले गेले.

कॅसियनने विवेकाच्या अभावाचे एक विदारक उदाहरण नोंदविले आहे. हेरॉन नावाचा वृद्ध तपस्वी पन्नास वर्षे वाळवंटात राहिला होता. आपल्या उपवासाचा नियम मोडेल या भीतीने तो पुनरुत्थानाच्या सणालाही बांधवांसोबत भोजनास येत नसे. आपल्या पुण्यामुळे आपल्याला इजा होणार नाही, अशा भ्रमात त्याने विहिरीत उडी घेतली व तिसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्याच्या विनाशाचे कारण तपाची उणीव हे नव्हते. त्याने आपला निर्णय कोणाशीही पडताळून पाहिला नव्हता, हे ते कारण होते. याउलट अँथनीची कथा आहे. त्याला बांधवांसोबत हास्यविनोद करताना पाहून एका शिकाऱ्याला नवल वाटले. अँथनीने त्याला धनुष्य पुन्हा पुन्हा ताणण्यास सांगितले. असे ताणत राहिल्यास ते मोडेल, असे शिकारी म्हणताच, देवाच्या कार्याचेही तसेच आहे, असे अँथनीने उत्तर दिले. वीस वर्षांच्या एकांतानंतर अँथनी बाहेर आला तेव्हा त्याचे शरीर ना स्थूल झाले होते ना उपवासाने खंगले होते, असे अथनेशियस आवर्जून लिहितो. हे वर्णन आदर्शीकरण असू शकेल. पण आदर्श कोणता मानला गेला, हे त्यातून स्पष्ट होते.

देहदंडाच्या टोकाला जाण्याची प्रवृत्ती या वाळवंटात होती, हे मान्य केले पाहिजे. ती प्रवृत्ती धोक्याची आहे, हेही त्याच वाळवंटाने अनुभवातून ओळखले.

आठ विचारांपासून सात पापांपर्यंत :

इव्हॅग्रियसच्या मृत्यूनंतर लगेचच, इ.स. ४०० मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप थिओफिलस याने ऑरिजेनच्या मतांचे अनुयायी ठरविलेल्या तपस्व्यांना नित्रिया व केलियातून हुसकावून लावले. पुढे कॉन्स्टॅन्टिनोपलच्या इ.स. ५५३ मधील परिषदेच्या सुमारास ऑरिजेनवादी मतांचा निषेध झाला व इव्हॅग्रियसचे नाव पाखंडी म्हणून नोंदले गेले. नंतरच्या परिषदांनी त्याचा पुनरुच्चार केला. हा निषेध आत्म्याच्या पूर्वास्तित्वासारख्या तात्त्विक मतांसाठी होता. त्याच्या साधनाविषयक उपदेशासाठी नव्हता. त्यामुळे एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. त्याचे काही ग्रंथ ग्रीकमध्ये संत नायलसच्या नावाखाली टिकले, तर काही केवळ सिरियाक व आर्मेनियन भाषांतरांत उरले. ‘अँटिऱ्हेटिकॉस’ही असाच भाषांतरांतून हाती आला. लेखक बहिष्कृत झाला, पण साधना चालू राहिली.

लॅटिन जगात ती पोचविली जॉन कॅसियनने (सुमारे इ.स. ३६०-४३५). इजिप्तमध्ये अनेक वर्षे घालविल्यानंतर तो इ.स. ४१५ च्या सुमारास मार्सेय येथे स्थायिक झाला. त्याच्या ‘मठसंस्था’ या ग्रंथाचे पाचपासून बारापर्यंतचे भाग याच आठ विषयांवर आहेत. तथापि त्यात इव्हॅग्रियसचे नाव कोठेही येत नाही. ‘विचार’ या शब्दाच्या जागी येथे ‘दुर्गुण’ या अर्थाचा लॅटिन शब्द आला. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीने कॅसियनच्या वाचनाची शिफारस केली आणि श्रम व प्रार्थना यांचा वाळवंटी ताल पश्चिम युरोपच्या मठांत रुजला.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी (पहिला) याने ‘ईयोब’ ग्रंथावरील भाष्यात या यादीची पुनर्रचना केली. गर्वाला सर्वांचे मूळ मानून त्याने यादीबाहेर ठेवले, अकेडियाचा अंतर्भाव विषादात केला, मत्सराची भर घातली आणि संख्या सातवर आणली. इ.स. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीने वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करावे, असा नियम केला. त्यानंतर ही सात नावे धर्मगुरूंची मार्गदर्शनपर पुस्तके, प्रवचने आणि चित्रे यांतून सर्वत्र पसरली. डांटेच्या ‘शुद्धिलोका’ची रचनाही याच सातांवर आधारलेली आहे.

या स्थित्यंतराकडे केवळ ऱ्हास म्हणून पाहणे योग्य ठरणार नाही. वाळवंटातील काही हजार साधकांपुरते असलेले ज्ञान त्यामुळे शेतकरी, कारागीर व गृहिणी यांच्यापर्यंत पोचले. विचार सुचणे, त्यात रमणे आणि त्याला संमती देणे या पायऱ्यांतील भेदही धर्मशास्त्रातून नाहीसा झाला नाही. ऑगस्टीन व ग्रेगरी या दोघांनीही तो मांडला. परंतु लोकव्यवहारात यादीचा अर्थ पालटला. विचार ओळखण्याचे साधन हे कृत्यांचा हिशेब ठेवण्याचे कोष्टक बनले. अकेडियाचा सूक्ष्म अर्थ हळूहळू ‘आळस’ या एका शब्दात आटला. स्वीकारलेल्या कार्यावरून मन उडालेल्या मनुष्याला आळशी म्हटल्याने त्याचे दुखणे समजत नाही आणि त्यावरील उपायही सापडत नाही.

तुलनेविषयी एक टीप :

आठ विचारांची यादी वाचताना मराठी वाचकास काम, क्रोध, लोभ, मोह, मद व मत्सर या षड्रिपूंचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. काम, क्रोध, लोभ व मद यांचे साम्य उघड आहे. मात्र साम्य आढळले म्हणून उसनवारी सिद्ध होत नाही. दोन्ही परंपरांत मनोनिग्रहाचा दीर्घ अनुभव संचित झाला असल्याने अशी साम्ये उद्भवू शकतात. भेदही तितकेच बोलके आहेत. अकेडिया व विषाद यांना षड्रिपूंत स्वतंत्र स्थान नाही, तर इव्हॅग्रियसच्या यादीत मत्सराला स्वतंत्र स्थान नाही. शिवाय ‘रिपू’ या शब्दात शत्रूशी युद्ध अभिप्रेत आहे. ‘विचार’ या शब्दात युद्धापूर्वीची ओळख अभिप्रेत आहे.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) चौथ्या शतकातील इजिप्तच्या तपस्व्यांनी मोहाकडे केवळ नैतिक पराभव म्हणून न पाहता निरीक्षणाचा विषय म्हणून पाहिले. विचार येणे आणि त्याला थारा देणे यांतील भेद हा त्यांच्या साधनेचा पाया होता.

२) ही साधना असामान्य पराक्रमावर उभी नव्हती. स्थिर निवास, हातांचे काम, ठराविक प्रार्थना, मुखोद्गत वचने आणि निवेदन या रोजच्या गोष्टींवर ती आधारलेली होती.

३) अतिरेकी देहदंडाची प्रवृत्ती या परंपरेत निश्चितपणे होती, परंतु तिचे परीक्षण व नियंत्रण करणारे विवेकाचे तत्त्वही त्याच परंपरेने घडविले.

४) साधना एकांताची असली तरी साधक एकाकी नव्हता. हेरॉनचा विनाश आणि सेरापियनची सुटका या दोन कथांतील अंतर हे मन दुसऱ्यापुढे उघडे करण्याच्या तयारीचे अंतर आहे.

५) आठ विचारांचे सात पापांत रूपांतर झाल्याने ही शिकवण सर्वसामान्यांपर्यंत पोचली, मात्र तिच्यातील निरीक्षणाची बाजू लोकव्यवहारात दुबळी झाली.

गियोमाँ दांपत्याने १९७१ मध्ये ‘प्राक्तिकॉस’ची चिकित्सक आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्यानंतर इव्हॅग्रियसचा अभ्यास त्याच्या स्वतःच्या नावाने नव्या जोमाने सुरू झाला. सुमारे चौदा शतके दुसऱ्याच्या नावाखाली वा अनामिकपणे जगलेल्या या शिकवणुकीचा इतिहास असे दर्शवितो की, धार्मिक सिद्धान्तांवरील वादांत मते स्वीकारली वा नाकारली जातात. परंतु दुपारच्या उन्हात कुटीच्या दाराकडे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या मनुष्याच्या उपयोगी जे पडते, ते टिकून राहते.